पूर यायच्या आधी घरातल्या थकलेल्या माणसांना बाहेर कसं काढायचं (सांगलीकरांसाठी)

जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणीही कुणाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं. 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण हे आकडे धडधाकट माणसाचे हो, जो बॅग खांद्याला मारून चालता होतो. घरात अंथरुणाला खिळलेली आजी असेल, व्हीलचेअरवरचं माणूस असेल, नववा महिना लागलेली सून असेल तर 45 ची वाट बघत बसायचंच नाही. अशा घरानं स्वतःचा आकडा वेगळा काढून ठेवायचा.

तो काढायचा कसा, तर 2005, 2019 आणि 2021 चा पूर बघितलेलं कुणीतरी गल्लीत असतंच, त्यांना विचारा. घरात पाणी कधी आलं हे नका विचारू, गल्लीतनं चारचाकी निघायची कधी बंद झाली ते विचारा आणि तेव्हा आयर्विनला किती फूट होतं ते. घर कोरडं असतं पण रस्ता गेलेला असतो, आणि खरी अडचण तिथंच होते. त्या आकड्यातनं चार-पाच फूट वजा करा, तो तुमच्या घराचा आकडा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इकडच्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांच्या बॅगा आधीच भरलेल्या असतात. अडकतात ते "आमच्याकडं येत नाही पाणी" म्हणणारे, 2019 ला आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागात, मारुती चौकातसुद्धा पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय. आणि नुसतं आयर्विन बघू नका, कोयनेतनं किती क्युसेक सोडलंय आणि वारणा किती भरलीय तेही बघा, कारण हरिपूरला संगमावर वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही.

आता सरकारी मदत. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, पोलिसांचा 112, ॲम्ब्युलन्स 108. हे नंबर मोबाईलमध्ये नाही तर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हाताऱ्या माणसाला दिसतील असे. फोन पाणी दारात आल्यावर नाही करायचा, तेव्हा सगळं गाव करत असतं. पावसाळा लागायच्या आधीच वॉर्ड ऑफिसात, गावात असाल तर ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडं जाऊन नाव लिहून द्या आणि लिहिताना "घरात पेशंट आहे" एवढ्यावर सोडू नका. असं लिहा: बाई, वय अमुक, अजिबात चालता येत नाही, वजन 70 किलो, दुसरा मजला, जिना अरुंद, ऑक्सिजन मशीन लागतं. एवढं वाचलं की येणाऱ्याला कळतं की दोघं पुरणार नाहीत, स्ट्रेचर वळणार नाही, लाईट गेली की वेळ कमी आहे. गरोदर बाईचं आशाताईंना तारखेसकट सांगून ठेवा. डायलिसिसवाल्यांनी सेंटरलाच विचारायचं की रस्ता बंद झाला तर पर्यायी सोय कुठं.

निवारा केंद्र बहुतेक शाळेत असतं. चालत्या-फिरत्या माणसाला ठीक आहे, पण आधी एकदा जाऊन संडास बघून या, भारतीय आहे की कमोड, किती पायऱ्या चढायच्या. माझं मत विचाराल तर अंथरुणावरच्या माणसाला विश्रामबाग, कुपवाड, मिरजेकडं पाहुण्यांकडंच हलवा, चार दिवस आधी, चहा-पाण्याला आल्यासारखं. "मी माझं घर सोडणार न्हाय" हे ऐकायची तयारी ठेवा. बऱ्याचदा खरं कारण म्हैस असते, म्हणून जनावराची सोय आधी सांगा, मग आजोबा उठतात.

पिशवीत काय: 15 दिवसांची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, आधार, रेशनकार्ड, पासबुक, डायपर, चष्मा, कवळी आणि कानाच्या मशीनचे सेल. हे शेवटचे तीन हमखास राहतात, आणि कवळी राहिली की शिबिरातली चपाती खाता येत नाही. विसरायची सवय असलेल्यांच्या आतल्या खिशात नाव आणि घरच्यांचा नंबर लिहून टाचून द्या.

उचलून न्यायची वेळ आलीच तर प्लॅस्टिकची खुर्ची नको, तिचे पाय फाकतात. लाकडी हाताची खुर्ची घ्या, पोटाभोवती आणि खुर्चीच्या पाठीला जुनी साडी गुंडाळून बांधा, चौघांनी चार कोपरे धरा आणि पाचव्यानं पुढं काठी टेकत चालायचं, कारण पाण्याखाली गटाराची झाकणं उघडी असतात. मात्र बोटीत बसवलं की ती साडी लगेच सोडायची, बांधलेलं माणूस बोटीत नको. बोट असली तरी लाईफ जॅकेट आधी, मग बोट. आणि बोट भरलेली दिसली तर पुढची येऊ द्या, कितीही वेळ लागू दे. ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला जास्त माणसं भरलेली बोट उलटून माणसं बुडाली, ते जिल्ह्याला माहीत आहे.

पाणी ओसरल्यावर म्हाताऱ्यांना लगेच आणू नका. आधी मीटर आणि वायरिंग तपासून घ्या, कपाटामागं, गादीखाली काठी घालून बघा, साप-विंचू असतातच. चिखल काढायच्या आधी फोटो काढा, पाण्याची भिंतीवरची खूण फोटोत आली पायजे, पंचनाम्याला तोच उपयोगी पडतो. 2019 ला गावात 10 हजार, शहरात 15 हजार अशी मदत होती, त्यातले 5 हजार रोख आणि बाकीचे खात्यावर. म्हणून आजीचं खातं चालू आहे का, आधार जोडलंय का हे मे महिन्यातच बँकेत विचारून या, बंद पडलेलं खातं ऐन चिखलात चालू करायला लाईनीत उभं राहणं तिला जमणार नाही.