पेरणीआधी पाऊस मोजा : मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी खरीपपूर्व सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो, मृग जवळ आला की गावागावांत एकच विचारणा सुरू होते : पेरायचं कधी? पूर्वी याचं उत्तर नक्षत्रावरून मिळायचं आणि बऱ्याचदा ते बरोबर ठरायचं. आता तसं राहिलेलं नाही. 2023 मध्ये जूनचा पाऊस उशिरा आला आणि ऑगस्ट कोरडा गेला. 1901 पासूनच्या देशाच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. 2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मे रोजीच केरळात आणि 25 मे रोजी महाराष्ट्रात दाखल झाला, मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रेंगाळला आणि सप्टेंबरमध्ये याच मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि दोन पावसांमधला खंड लांबतो. हवामानबदल आपल्या वावरात दिसतो तो असा. त्याचा अभ्यासही वावरातच सुरू करता येतो, आणि त्यासाठी सगळ्यात आधी लागतं एक पर्जन्यमापक.

तो विकतच घ्यायला हवा असं नाही. सपाट तळाची, वर-खाली सारख्याच रुंदीची पारदर्शक बरणी घ्या आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणांची पट्टी उभी चिकटवा. तळ गोलाकार असेल तर भिंती सरळ होतात तिथपर्यंत आधी पाणी भरा आणि ती रेघ शून्य धरा. बरणी उघड्यावर, खांबाला घट्ट बांधून ठेवा. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर राखा. रोज सकाळी साडेआठला आकडा वाचा, वहीत लिहा, बरणी पुन्हा शून्यावर आणा. हवामान खातंही सकाळी साडेआठलाच चोवीस तासांचा पाऊस मोजतं, त्यामुळे तुमचा आकडा महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. दोन्हींत फरक पडणारच. एकाच शिवारात ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ हे आपण पाहतोच.

1 मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी. 25 मिमीची एक चांगली सर आली की एकरावर लाखभर लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे वीस टँकर, ओतले गेले. हे पाणी जिरलं की माती घेऊन ओढ्याला गेलं, हे ज्याचं त्याने बांधावर उभं राहून बघावं. घरातल्या शाळकरी मुलांवर नोंदीचं काम सोपवा. ती ते मनापासून करतात आणि एका हंगामात हवामानाबद्दल पुष्कळ शिकतात.

आता पेरणीचं. 75 ते 100 मिमी पाऊस वहीत जमा झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. हा पाऊस एकाच दिवसात धो-धो पडून वाहून गेला असेल तर तो धरू नका. खुरपीने वीतभर उकरून बघा, खालपर्यंत ओल हवी आणि वर वापसा, म्हणजे अवजार चालेल इतपत सुकलेली माती, हवी. मे महिन्यातल्या अवकाळी पावसावर तर कापूस लावूच नका, कारण लवकर लावलेल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीला आयतं खाद्य मिळतं. शेजाऱ्याने पेरलं म्हणून पेरणं हे दुबार पेरणीचं सगळ्यात मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे. चार-आठ दिवस थांबल्याने होणारं नुकसान दुसऱ्यांदा बियाणं घेण्यापेक्षा बहुतेक वेळा कमी असतं.

अंदाज वाचायलाही शिकायला हवं. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे जिल्ह्यातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर, आणि 'काही ठिकाणी' म्हणजे फार तर निम्म्या केंद्रांवर. म्हणजे तुरळकचा अंदाज असताना तुमचं गाव कोरडं राहिलं तर अंदाज चुकला असं होत नाही. उलट, अशा अंदाजाच्या भरवशावर पेरणी करणं चूक. दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, पेरणीचा निर्णय घेताना तो जरूर पाहा. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला निघतो. 'मेघदूत' ॲपवर तो जिल्ह्यानुसार मराठीत मिळतो. कुणाकडे स्मार्टफोन नसेल तर बचत गटातल्या एखाद्या ताईने तो मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि गावाला त्याचा फार उपयोग होतो.

सोयाबीनचं घरचं बियाणं वापरणार असाल तर उगवण आताच तपासा. काढणीच्या वेळी पावसात भिजलेल्या मालाची उगवण हमखास घटते, आणि हल्ली काढणीला पाऊस गाठतोच. निवड न करता उचललेले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहाव्या-सातव्या दिवशी चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं, साठच उगवले तर 35 किलो घ्या. साठच्या खाली आलेला माल बियाण्याला वापरू नका. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, पोती आपटू नका. पेरणी 3 ते 4 सेंमी खोलीवरच करा. बियाण्याला बुरशीनाशक आधी आणि रायझोबियम (मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत) पेरणीच्या अगदी तोंडावर चोळा. रायझोबियमच्या गाठी हवेतलं नत्र देतात, म्हणून सोयाबीनला वरून युरिया टाकायची गरज नाही. खर्च वाचतोच, शिवाय जादा नत्रातून नायट्रस ऑक्साइड हवेत जातो, आणि हा वायू वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरून ठेवतो.

रुंद वरंबा सरी (बीबीएफ) पद्धतीवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे. खंड पडला तर सरीत मुरलेलं पाणी पिकाला तारतं, अतिवृष्टी झाली तर तीच सरी जादा पाणी बाहेर काढते. एकाच हंगामात दोन्ही टोकांचा पाऊस बघावा लागत असताना दोन्हीकडे कामी येणारा एवढा स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही. बीबीएफ यंत्र मिळालं नाही तर नेहमीच्या पेरणीयंत्राने दर चार ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा आणि पुढे कोळप्याला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडा. पेरणी उताराला आडवीच हवी. सोयाबीनमध्ये तूर 4:2 ओळींत घ्या, एक पीक गेलं तरी दुसरं हाती राहतं. बीडीएन 711 सारखा लवकर येणारा तुरीचा वाण हलक्या-मध्यम रानात परतीची ओल संपायच्या आत बऱ्यापैकी पदरात पडतो.

पावसाने ओढ दिली आणि जुलैचा पहिला आठवडा उलटला तर मूग-उडीद सोडून द्या. निम्मा जुलै गेला तर कपाशीचाही नाद नको. तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी यांकडे वळा.

पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) अजून बांधावर पडून असेल तर ती पेटवू नका. श्रेडरने बारीक करून कुजवा. कर्ब मातीत राहिला तर ओल जास्त दिवस टिकते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. तिथे शेतीसाठी कूपनलिका आणि उसाला मनाई आहे. आपल्या गावात एकदम इतकं जमणार नाही. पण चार शिवारांतल्या चार बरण्यांच्या वह्या सप्टेंबरअखेर एकत्र केल्या तरी रब्बीत ज्वारी-हरभरा किती घ्यायचा आणि विहिरीवर किती भार टाकायचा यावर आकड्यांनिशी बोलता येईल. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) सांगून शेतीशाळेचा एक वर्ग याच विषयावर घ्या.

सध्या दुपारनंतर ढग जमतात, विजा पडतात. मोबाइलवर 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा, ते आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की अवजारं खाली ठेवून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका, जनावरंही झाडाखाली बांधू नका. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा रानात उतरू नका.