जंगलाकाठी तंबूत मुक्काम: या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतून सहकुटुंब निघणाऱ्यांचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा उशिरा पोहोचल्यामुळेच फसतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी जेवून निघालं, शिळफाट्याला अडकलं, की तंबू टॉर्चच्या उजेडात मिळेल तिथं ठोकला जातो. चारपर्यंत पोहोचाच.

‘जवळच आहे, येऊरला तंबू टाकू’ हा बेतही करू नका. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि कर्नाळा अभयारण्य आहे. तिथं आपल्या मनानं मुक्काम करता येत नाही. शहापूर, मुरबाड, कर्जतकडे खासगी शेतजमिनीवर मालकाला विचारून राहता येतं.

सपाट दिसते म्हणून ओढ्याच्या कोरड्या पात्रातली किंवा खोलगट जागा निवडू नका. गार हवा खोलगटात साचते आणि दवही तिथंच जास्त पडतं. थोडा उंचवटा बघा. वर वाळकी फांदी नको, आग्या मोहोळ तर नकोच; त्याखाली धूर केला की माश्या उठतात.

चार माणसांचा तंबू म्हणजे माणशी जेमतेम ६० सेंटीमीटर जागा, तीही सामान न ठेवता. चौघांसाठी सहा जणांचा घ्या. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलती ठेवून ठोका. सरळ ठोकलेली खुंटी ओढ बसली की निघते. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावत असेल तर दुमडून आत घ्या, नाहीतर तिच्यावर पडलेलं पाणी थेट तुमच्या अंथरुणाखाली येतं.

पहाटे तंबू आतून ओला दिसला की तो गळतोय असं वाटतं आणि पुढच्या रात्री खिडक्या गच्च बंद होतात. मग ओल आणखी वाढते. ते पाणी आपल्या श्वासातल्या वाफेचं असतं. वरच्या झडपा उघड्या ठेवा, जाळी मात्र बंद. बाहेरचं कापड ताणून बांधा, आतल्याला चिकटू देऊ नका. थंडी वाजते ती बरीचशी जमिनीमुळे. म्हणून पांघरुणं वाढवण्याआधी अंगाखाली जाड चटई किंवा फोमची मॅट घाला. ऊब हवी म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत कधीही आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

उरलेलं मटण, भात झुडपात टाकला की भटकी कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. उष्टं-खरकटं घट्ट बांधून गाडीत ठेवा. रात्री मुलांना लघवीला एकटं पाठवू नका.

चपला-बूट तंबूच्या आत, चेन पूर्ण लावलेली. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही आणि खूणही कधी दिसत नाही. झोपेतून उठून मूल पोटात दुखतंय म्हणालं, पापण्या जड झाल्या, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. आवळपट्टी नाही, चिरा नाही, मांत्रिक नाही. मुलाला चालवू नका, हातपाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

शेकोटी जमीनमालकानं दाखवलेल्या जागीच, भोवती दोन मीटर पालापाचोळा साफ करून. राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे. विझवताना नुसती माती लोटू नका, आत निखारे धुमसत राहतात. पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता, राख हाताला गार लागेपर्यंत. चौघांच्या एका रात्रीला २० लिटरचा कॅन पुरतो. विझवण्यासाठी आणखी एक घ्या.

घरी आल्यावर तंबू त्याच दिवशी गॅलरीत वाळत घाला. आपल्या दमट हवेत ओला गुंडाळलेला तंबू आठवडाभरात बुरसतो.