फॅलॉटवाल्या मुलाचा एमआरआय किंवा सीटी असेल तर आधी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी ऑपरेशन नोट्स शोधा. माझ्या लेकीचं टेट्रालॉजी ऑफ फॅलॉटचं, म्हणजे हृदयातल्या जन्मजात दोषाचं, ऑपरेशन 11 महिन्यांची असताना झालं, आता ती 14ची आहे, आणि नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही हे मला फार उशिरा कळलं. पॅच कुठे लावला, झडपेचं काय केलं, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) किंवा कॉइल (नको असलेली रक्तवाहिनी बंद करणारी तार) आहे का, हे नोट्समध्ये असतं आणि एमआरआयवाले नेमकं तेच विचारतात. छातीच्या हाडातल्या स्टीलच्या तारा चालतात, पण पेसमेकर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, आणि त्याचं कार्ड सोबत ठेवा.

मग डॉक्टरांना विचारा की यावेळी नक्की काय बघायचंय. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) तर दर व्हिजिटला होतोच, झडपेची गळती आणि प्रेशर त्यात चांगलं कळतं, पण हृदयाचा उजवा खालचा कप्पा छातीच्या हाडामागे आणि आकाराने असा वेडावाकडा की इकोवर त्याचं माप पक्कं निघत नाही, आणि आपल्या मुलांचा तोच कप्पा झडप गळून गळून वर्षानुवर्षं मोठा होत जातो. नवी झडप कधी बसवायची ते बरंचसं त्याच मापावर ठरतं म्हणून एमआरआय. सीटी काही सेकंदांत उरकतो, कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या नळ्या) आणि स्टेंटच्या आतलं छान दिसतं, पण रेडिएशन असतं, आणि या मुलांना आयुष्यभर तपासण्या आहेत हो, म्हणून "एमआरआयवर भागेल का" असं विचाराच, मला आधी विचारायची भीती वाटायची. शिरेतून देतात त्या डायसाठी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) लागलं तर आदल्या आठवड्यात करून घ्या.

एमआरआयला पाऊण ते एक तास लागतो आणि मध्येमध्ये श्वास सोडून तसाच रोखायचा असतो, आम्ही आठवडाभर रोज रात्री 10-15 सेकंद मोजत सराव केला, त्याचा खूप फायदा झाला. लहान बाळाला भूल देणार असतील तर साधारण जेवण आणि वरचं दूध 6 तास, आईचं दूध 4 तास, पाणी 2 तास आधी बंद, तरी तुमच्या हॉस्पिटलने सांगितलेलंच पाळा. आणि बाळाचे ओठ अजून निळे पडत असतील तर जास्त वेळ उपाशी ठेवू नका, त्यांचं रक्त आधीच घट्ट असतं, पहिला नंबर मागा किंवा सलाईनचं विचारा. सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहू नये हेही सिस्टरांना आठवणीने सांगा, अशा बाळांत तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

उंची-वजन त्याच दिवशी मोजून घ्या, कप्प्याचं माप शरीराच्या आकाराशी जुळवून काढतात. जुन्या एमआरआयची सीडी न्या, एमआरआयचा आकडा एमआरआयशीच ताडून बघायला सांगा, इकोशी नाही. नवी सीडी घरी आल्याआल्या लॅपटॉपवर उघडून बघा, आमची एक रिकामी निघाली होती आणि ते कळलं दोन वर्षांनी.