धडा आणि विणकाम: अर्धवट ओळीचा घोळ असा सुटला

मुलांना घरीच शिकवताना सुया हातात असल्या, की ओळीच्या मध्यातच हाक येते. टाके निसटतात, मोजणी चुकते. सरळ सुयांऐवजी गोल सुई (वायरने जोडलेल्या दोन सुया) घेतल्यावर निम्मा त्रास गेला: टाके मधल्या वायरवर सरकवले की सुई खाली ठेवता येते. पुन्हा सुरू करताना गुंड्याचा धागा ज्या सुईला लटकतो, ती उजव्या हातात. उलट धरली तर अर्धीच ओळ जास्त विणली जाते आणि तिथे भोक पडतं.

दर 20 टाक्यांनी मार्कर, म्हणजे खुणेची छोटी कडी, अडकवते. जाळीच्या नक्षीत दर 10 ओळींनी बोथट सुईने सगळ्या टाक्यांतून गुळगुळीत सुती दोरा ओवते, मार्कर मात्र वगळून. उसवावं लागलं तर तिथेच थांबतं. लोकरीचा दोरा नको, तो चिकटतो.

क्रोशे असेल तर शेवटच्या फासात बंद होणारा मार्कर घालावा.

मुलांकडून वाचून घेताना फक्त सुलट टाके. गणिताच्या वेळी नक्षी काढूच नये; दोन्हीकडची मोजणी बिघडते. नक्षी मुलं झोपल्यावर.