एकाच कढईतलं चिकन आणि भाज्या: या चुका टाळा

कोल्हापूरच्या घरात कोंबडी शिजवण्याचं सगळं शहाणपण रश्श्याभोवती जमलेलं आहे. हळद-मीठ लावून पीस शिजवायचे, अळणी म्हणजे पीस शिजलेलं पाणी बाजूला काढायचं, खोबऱ्या-तिळाचं वाटण करायचं, मग तांबडा वेगळा आणि पांढरा वेगळा. रविवारी एवढा वेळ असतो. बुधवारी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून घरी पोचायलाच साडेसात होतात. अशा संध्याकाळी एकाच कढईत चिकन आणि भाज्या करून सोबत चार भाकऱ्या थापाव्यात, हा विचार उत्तम आहे. पण रश्श्याचा हात घेऊन या पदार्थाकडे गेलं की तो बिघडतो. रश्श्यात पाणी सगळं सांभाळून घेतं. पीस कमी परतले, भाजी लवकर पडली, मसाला थोडा पुढेमागे झाला, तरी उकळत्या रश्श्यात ते मुरून जातं. कढईतल्या कोरड्या पदार्थात मात्र तेच पाणी घात करतं. खालच्या बहुतेक चुका या एका गोष्टीतूनच निघतात.

चार माणसांसाठी अंदाज असा: अर्धा किलो बोनलेस चिकन, शक्यतो मांडीचं, दोन मध्यम बटाटे, एक गाजर, पाव किलो फ्लॉवर, एक ढबू मिरची, दोन कांदे, एक टोमॅटो, तीन चमचे तेल, आलं-लसूण आणि दीड ते दोन चमचे कांदा-लसूण मसाला. सगळं मिळून पाऊण तासात होतं.

डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी लगेच कढईत

ताजी म्हणून आपण कोंबडी समोर कापून घेतो आणि अर्ध्या तासात शिजवायला बसतो. रश्श्यात ते खपतं. पण कोंबडी कापल्यानंतर तिचे स्नायू आखडतात आणि पुन्हा सैल पडायला काही तास जावे लागतात. त्या आधीच झटपट परतलेलं मांस रबरासारखं लागतं, आणि दोष आपण आचेला देतो. म्हणून कोंबडी आदल्या संध्याकाळी आणा, मीठ-हळद आणि आलं-लसूण लावून झाकून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी आल्याआल्या ती तयार मिळते, मीठही आतपर्यंत मुरलेलं असतं.

मिठाची वेळ महत्त्वाची आहे. मीठ लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत मांस पाणी सोडतं. बराच वेळ मिळाला तर त्यातलं बरंचसं परत आत ओढून घेतं. म्हणजे मीठ लावून दहा मिनिटांनी पीस कढईत टाकले तर ते सगळ्यात ओले असताना पडतात. आदल्या दिवशी लावणं जमलं नसेल तर अगदी कढईत टाकताना लावा. दही मात्र या पदार्थाला नको. त्याचं पाणी कढईत उतरतं आणि पीस भाजण्याऐवजी दह्यात उकडतात. आंबटपणा हवा असेल तर शेवटी लिंबू पिळा.

गावठी कोंबडीही या पदार्थाला घेऊ नका. तिला तासभर तरी शिजू द्यावं लागतं, आणि तोवर भाज्यांचा लगदा होतो. गावठी रश्श्यालाच द्यावी.

नळाखाली धुणं

कच्ची कोंबडी वाहत्या नळाखाली धुतली की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू धुऊन जात नाहीत, ते पसरतात. मरतात ते शिजवताना. न धुता करवतच नसेल तर खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने धुवा, नंतर सिंक साबणाने घासा. आणि काहीही केलंत तरी पीस स्वच्छ कोरड्या कापडाने किंवा टिश्यूने टिपून घ्या. ते कापड लगेच गरम पाण्यात टाका. विळीवर किंवा पाटावर आधी सगळ्या भाज्या चिरा, चिकन शेवटी. हा क्रम पाळला की मध्येच पाट घासायची वेळ येत नाही.

कढईत पाणीच पाणी

सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू. अर्धा किलो पीस एकदम कढईत पडतात, कढई थंडावते, पीस पाणी सोडतात, वरून झाकण ठेवलं जातं. पाच मिनिटांनी पाहावं तर पांढुरके पीस स्वतःच्याच पाण्यात उकळत असतात. कढईत पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं. मांसाला जो तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येतो, त्याला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून पाणी आटल्याशिवाय रंग येत नाही, आणि पाणी आटेपर्यंत पीस कोरडे पडतात.

उपाय सोपे आहेत, पण धीर लागतो. जाड बुडाची पसरट कढई किंवा लंगडी घ्या. चार माणसांसाठी तिचं तोंड तीस सेंटिमीटरच्या आसपास हवं. बिडाची असेल तर फारच छान, कारण ती पटकन थंडावत नाही. तेल चांगलं तापू द्या. पीस दोन खेपांत टाका, दोन पिसांमध्ये बोटभर जागा सोडून. झाकण अजिबात नको. आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. मसाला परतायची सवय असलेल्या हाताला उलथणं स्वस्थ धरून बसणं अवघड जातं, मला कल्पना आहे. पण सुरुवातीला पीस बुडाला चिकटतो, आणि खालून रंग धरला की बराचसा आपणहून सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर अजून वेळ झालेली नाही. पालटून दुसरी बाजू दोन मिनिटं, मग पीस ताटलीत काढा. आत ते अजून कच्चे आहेत आणि तसेच असू द्यावेत. उरलेलं शिजणं पुढे होतं.

पाणी आधीच सुटलं असेल तर? पीस लगेच ताटलीत काढा, आच मोठी करा, पाणी आटवा, तेल दिसू लागलं की पीस थोडे थोडे परत टाका. पिसांसकट पाणी आटवत बसू नका.

नॉनस्टिक कढई असेल तर ती रिकामी मोठ्या आचेवर तापवू नये. साधारण २६० अंशांच्या पुढे तिचा थर खराब होऊ लागतो. तेल घालूनच तापवा आणि आच मध्यम ठेवा.

बुडाचा तपकिरी थर खरवडून टाकणं

पीस काढल्यावर कढईच्या बुडाला जे तपकिरी चिकटलेलं असतं ते करपलेलं समजून काही जण कढईच धुतात. या पदार्थाची अर्धी चव त्या थरात असते. काळा आणि कडू असेल तरच काढा. तपकिरी असेल तर त्यावरच उभा चिरलेला कांदा टाका. कांद्याचं पाणी सुटलं की थर मोकळा होऊन कांद्याला लागतो.

सगळ्या भाज्या एकदम

कढई एक असली तरी भाज्यांची वेळ एक नसते. बटाट्याला वीस मिनिटं लागतात, ढबूला तीन. एकदम टाकल्या तर बटाटा कचकच लागतो आणि ढबूचं साल सुटतं. क्रम असा ठेवा: कांदा गुलाबी झाला की बटाटा आणि गाजर, दोन सेंटिमीटरचे तुकडे करून. चार-पाच चमचे पाणी शिंपडून झाकण, मंद आचेवर दहा मिनिटं. इथे थोडं पाणी चालतं, कारण भाजायचं काम पिसांचं होतं आणि ते उरकलेलं आहे. मग मसाला, मग चिकन आणि फ्लॉवर, पुन्हा झाकण सात-आठ मिनिटं. शेवटी झाकण काढून ढबू आणि टोमॅटो, तीन मिनिटं मोठ्या आचेवर.

टोमॅटो शेवटी का, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याला कांद्यामागोमाग टोमॅटो टाकायची सवय असते. पण आंबट रसात बटाटा आणि गाजर लवकर मऊ होत नाहीत. भाजीचे कण एकमेकांना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात टिकून राहतं. बटाटा वरून शिजल्यासारखा दिसतो आणि आत टणक राहतो. आधी टोमॅटो पडलाच असेल तर घाई करू नका, चिकन बाजूला ठेवून भाजीला आणखी वेळ द्या. शिवाय बिडाच्या कढईत टोमॅटो बराच वेळ राहिला तर लोखंडी चव उतरते.

फ्लॉवर जास्त शिजला की त्याला उग्र वास येतो, तेव्हा तुरे मोठे ठेवा. बिनीस, वाटाणा चालतात आणि फ्लॉवरबरोबरच पडतात. दोडका, दुधी या पदार्थात नकोत, त्यांच्या अंगातच पाणी फार. भेंडीही नको. मेथी घालायची तर मूठभर, गॅस बंद करायच्या आधी मिनिटभर.

मसाला करपतो किंवा मीठ जास्त होतं

उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेला कांदा-लसूण मसाला आधीच भाजलेल्या जिनसांचा असतो. त्याला पुन्हा तळायची गरज नाही. कडकडीत तेलात कोरडा पडला तर काही सेकंदांत काळा होतो. आच मंद करून, बटाट्याच्या वाफेत ओलसर झालेल्या कांद्यावर तो पसरा, अर्धा मिनिट हलवा आणि लगेच चिकन घाला. वास बदलू लागला तर दोन चमचे पाणी शिंपडा. काळा पडला तर मात्र गूळ घालून, दही घालून काही होत नाही. कडूपणा जात नाही. तेवढा मसालेदार कांदा काढून टाका आणि नवा कांदा परता. उशीर झाला तरी चालेल, कडू जेवण कुणाला नको.

या मसाल्यात बहुधा मीठही असतं. चिकनला लावलेलं, मसाल्यातलं आणि वरून घातलेलं असं तीनदा मीठ पडतं. वरून घालायच्या आधी बटाट्याचा एक तुकडा चाखा. खारट झालंच तर उकडलेला बिनमिठाचा बटाटा किंवा वाफवलेला फ्लॉवर वाढवा. बटाटा मीठ शोषून घेतो असं म्हणतात, तसं काही होत नाही. पदार्थ वाढतो म्हणून खारटपणा कमी लागतो. फार तिखट झालं तर पाणी ओतू नका. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. नारळाचं दाट दूध तीन-चार चमचे मंद आचेवर घाला, किंवा ताटात दही-कांदा वाढा.

शिजलं की नाही, रंगावरून ठरवणं

चिकनच्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सियस तापमान झालं की ते खायला सुरक्षित असतं. स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर घरात असावा, असं माझं ठाम मत आहे. तो नसेल तर सगळ्यात मोठा पीस कापून पाहा: आतलं मांस पारदर्शक, चिकट दिसता कामा नये. हाडासकटचे पीस घेतले असतील तर हाडाजवळचा लालसरपणा फसवा असतो. कोवळ्या ब्रॉयलरमध्ये तो पूर्ण शिजल्यावरही राहू शकतो. अशा पिसांना झाकणाखाली दहा-बारा मिनिटं जास्त द्या. उलट छातीचं मांस घेतलं असेल तर ते जास्त शिजलं की दोऱ्यासारखं होतं. त्याचे तुकडे मोठे ठेवा आणि फ्लॉवर अर्धा शिजल्यावर कढईत परत घाला. कच्चे पीस ज्या ताटलीत काढले होते ती धुतल्याशिवाय वाढायला घेऊ नका. तिच्यात जमलेला रस मात्र पिसांबरोबरच कढईत ओता, म्हणजे तोही शिजतो.

उरलेलं जेवणानंतर ओट्यावर राहू देऊ नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम करून खा. सकाळी डब्यात देऊन दुपारपर्यंत तसंच ठेवायचं असेल तर कामाच्या ठिकाणी फ्रिज असल्याशिवाय देऊ नये.

लहान मुलं जेवायला असतील तर मसाला घालायच्या आधीच त्यांच्यापुरते बटाटे आणि पीस छोट्या पातेल्यात काढा, दोन चमचे पाणी आणि चमचाभर तूप घालून झाकणाखाली पूर्ण शिजवा.