पुराची रेघ काचेत बसवताना

नववीत असताना आमच्या सांगलीच्या शाळेनं २०१९ च्या महापुराची आठवण म्हणून खिडकीत रंगीत काचेचं चित्र बसवायचं ठरवलं. काचेचं काम करणाऱ्या एक ताई शनिवार-रविवारी यायच्या. मला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ए ग्रेड, त्यामुळे चित्र आपणच काढणार अशी माझी खात्री.

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या कागदावर तेच: बोट, जवान, पत्र्यावर चढलेली म्हैस. ताईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "तुमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं?" कुणी कंबरेला हात लावला, कुणी डोक्याच्या वर नेला. एक मुलगी म्हणाली, "भिंतीवरची रेघ आजी अजून रंगवू देत नाही." चित्र तिथंच ठरलं. खाली मातकट तपकिरी, वर फिकट निळा, मधे एक आडवी रेघ. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्नपर्यंत चढलं होतं. आमची रेघ मात्र वर्गाच्या भिंतीवर राहिलेल्या डागाच्या उंचीला. तेव्हा असं काम मिळालं तर घरून चित्र काढून नेऊ नका, घरच्यांना विचारून जा.

मग काच. इथं ए ग्रेड काही कामाला आली नाही. कागदावर पेन्सिल कुठंही वळते, काच वळू देत नाही. आत खोल गेलेला बाक कापायला गेलं की तुकडा हमखास भलतीकडून फुटतो, म्हणून चित्राचे भाग पाडतानाच काच कशी तुटेल याचा विचार करावा लागतो. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं आणि एका दमात ओढायचं. बारीक किर्र आवाज आला तर काम झालं. त्याच रेघेवरून परत फिरवायचं नाही. काचही जाते, चाकही. हे कळेपर्यंत मी साध्या खिडकीच्या काचेचे ढीगभर तुकडे वाया घालवले. रंगीत काच महाग, हात त्यावर बसवू नका. आणि गॉगल घाला, चष्मा असला तरी.

कडा घासून त्यांना तांब्याची पट्टी चिकटवायचं काम आमचं. कंटाळवाणं आहे, पण पट्टी वाकडी बसली तर पुढं कथलाची रेघ जाडजूड दिसते. डाग द्यायचं, म्हणजे कथील वितळवून तुकडे जोडायचं काम ताई स्वतः करायच्या, कारण त्या कथलात शिसं असतं. डबा खायच्या आधी साबणानं हात धुतले का, हे त्या रोज बघायच्या.

एक चूक मात्र सगळ्यांची. खिडकी निवडली ती पश्चिमेची. सकाळी प्रार्थनेला चित्र काळपट दिसतं. ऊन येतं साडेचारनंतर, तेव्हा तपकिरी रंग फरशीवर पसरत दारापर्यंत जातो. तोवर शाळा सुटलेली असते. शिपाईमामा म्हणतात, "मी त्याच्यावरनंच झाडू मारतो रोज."