भजनातली घरघर आणि दहा व्होल्टचा झेनर

परभणीजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळासाठी मी माईकचा प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) बनवला होता. दुपारी एकदम स्वच्छ. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घुंऽऽ! पखवाजवाले मामा म्हणाले, "आरं, माझ्यापेक्षा तुझी मशीनच जास्त बोलायली की."

आधी पॉवर सप्लायमधला फिल्टरचा कॅपॅसिटर दुप्पट केला. फरक किरकोळ. मग घरघर चालू असतानाच मीटर लावला: लाईट २३० वरून १७० वर! १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून एरवी २० व्होल्ट डीसी यायचा, तो आता जेमतेम १४. माझा झेनर (ठराविक व्होल्ट धरून ठेवणारा डायोड) १३ चा. रिपलचा (डीसीत उरलेल्या चढउताराचा) खड्डा आला की झेनरला करंटच उरत नव्हता, मग व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नावापुरताच. चूक माझीच, हिशोब दुपारच्या लाईटवर केलेला.

झेनर १० चा टाकला. त्याच्या आधाराने प्रीअँपला करंट देणारा ट्रान्झिस्टर बीडी१३९, त्याच्या बेस-एमिटरचे साधारण ०.६ वजा जाऊन ९.४ व्होल्ट मिळतात, प्रीअँपला भरपूर. खरी गंमत झेनरला करंट देणाऱ्या रेझिस्टरमध्ये आहे. एका १ के (हजार ओहम) ऐवजी ४७० ओहमचे दोन ओळीने जोडले आणि मधल्या सांध्यावरून २२० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ग्राउंडला दिला. रिपल तिथंच जिरतो, झेनरपर्यंत फार थोडा पोचतो. झेनरची स्वतःची बारीक खसखस असते, त्यासाठी त्याच्यावर १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर.

प्रीअँपचा करंट ३० मिलिअँपिअर, ट्रान्झिस्टरची उष्णता पाव-अर्धा वॅट. हीटसिंक लागला नाही. मात्र यात शॉर्टपासून संरक्षण नाही. स्क्रूड्रायव्हर घसरला आणि एक बीडी१३९ गेलाच.

एकादशीला मोटारी चालू असतानाच भजन झालं. मामांनी आवाज वाढवायला सांगितला.